मुकं गाणं

नोकरीचे अनुभव लिहावेत एवढी माझी नोकरी झालेली नाही. चार वर्षं, तीही कॉलेज सांभाळून. सकाळी कॉलेज, साडेअकरापासून उद्यमनगरातल्या एका कार-टेपच्या दुकानात. या अंकाचे संपादक त्यांची गाडी घेऊन आमच्याकडे आले होते. बोलता बोलता म्हणाले, लिही की यावर. मी हो म्हणून बसलो. मला नाही म्हणायला जमत नाही आणि काही विचारायलाही जमत नाही. विचारायला जमत नाही म्हणून जे झालं, ते इथं लिहितो आहे.

आधी काम काय ते सांगतो. कोल्हापुरात गाडीतल्या स्टिरिओला अजून टेपच म्हणतात. कॅसेटी गेल्या, नाव राहिलं. आमचे मालक अण्णा दारांची पॅडं उघडून स्पीकर बसवतात, वायरी ओढतात. ते झालं की गिऱ्हाइकाला स्टिअरिंगवर बसवायचं, आपण शेजारी बसायचं आणि त्याचा मोबाइल टेपला जोडून द्यायचा, हे माझं काम. सोपं वाटतं. पण वायर जोडताना फक्त गाडी हातात असते, मोबाइल जोडताना माणूस हातात असतो, असं अण्णा म्हणतात.

आता गाणी नेटवरूनच ऐकतात, मग मोबाइलमध्ये कोण साठवतं, असं पुण्याच्या एका पाहुण्यांनी मला विचारलं होतं. त्यांनी चंदगडपर्यंत गाडीनं जाऊन बघावं. आजऱ्याच्या पुढं नेटवर्क असं जातं की गाणं अर्ध्यावर थांबतं आणि पुढचं कडवं थेट गोव्याच्या हद्दीत ऐकू येतं. राधानगरीच्या जंगलात तेच. म्हणून आमचं निम्मं गिऱ्हाईक अजून गाणी मोबाइलमध्ये भरून आणतं.

चंदगडचे एक काजूवाले आजोबा पिकअप घेऊन आले होते. मी मोबाइल जोडला, गाणं स्पीकरमधून आलं, तसे ते घाबरून म्हणाले, "पावणं, गाणी गाडीत गेली न्हवं? मोबाइलातली संपायची न्हाईत न्हवं?"

मी हसलो. अण्णांनी बाहेरूनच दम दिला, "हसतोस काय? पाईपनं टाकीतलं पाणी काढलं तर टाकी रिकामी होती. त्येनी तसंच इचारलं. तू सांग की नीट."

मग मी नीट सांगितलं. पेनड्राइव्ह लावला तर टेपला ते गाणं स्वतः वाचावं लागतं. ब्लूटूथ लावलं तर वाचतो मोबाइलच, टेप फक्त मोठ्यानं बोलून दाखवतो. गाणं असतं तिथंच राहतं. आजोबांनी मान हलवली आणि म्हणाले, "म्हंजे ग्रामसभेत सरपंच बोलतोय, पण कागद ग्रामसेवकाचा, तसं." त्या दिवसापासून मी सगळ्यांना असंच समजावतो.

आमच्या धंद्यात एक गोष्ट फार घात करते. गाडी सुरू झाली की टेप ओळखीचा मोबाइल शोधतो आणि कोणी काही न दाबता वाजायला लागतो. काल जिथं थांबला होता तिथून, नाहीतर यादीतल्या पहिल्या गाण्यापासून. एक नवे जावई सासऱ्यांना आणायला स्टँडवर गेले. सासरे आत बसले, किल्ली फिरली आणि जावयांच्या मित्रांनी भरून दिलेलं गाणं पूर्ण आवाजात सुरू झालं. कसलं गाणं ते इथं लिहिता येत नाही. दुसऱ्या दिवशी जावई दुकानात. "अण्णा, टेप काढून टाका. सासरा रस्ताभर खिडकीतनं बाहीर बघत हुता."

अण्णांनी टेप काढला नाही. त्यांनी मला दहा मिनिटांची एक फाइल करायला लावली, जिच्यात काहीच आवाज नाही. तिचं नाव असं ठेवलं की ती यादीत सगळ्यांत वर येईल. मोबाइलला शेवटी तीच चालू करून ठेवायची. गाडी सुरू झाली की पहिली शांतता वाजते, मग माणूस हवं ते लावतो. दुकानात या फाइलला आम्ही मुकं गाणं म्हणतो. लोक येऊन सांगतात, "ते मुकं गाणं घाला तेवढं." चार वर्षांत मी कशाचा अभिमान बाळगावा असं काही असेल, तर ती ही दहा मिनिटांची शांतता.

दुसरा नियम म्हणजे जोडताना कुणाचा फोन आला तर दार उघडून खाली उतरायचं. एकदा मी उतरेपर्यंत उशीर झाला. चारही स्पीकरमधून एक बाई विचारत होत्या, "कुठं हाय?" गिऱ्हाईक म्हणालं, "राधानगरीत." बाई म्हणाल्या, "मग मागं आण्णा कुणाला शिव्या द्याय लागलाय?" मी नेमका तेव्हाच वायरच्या बंडलात अडखळलो होतो आणि अण्णा मलाच शिव्या देत होते.

आता मूळ गोष्ट.

अण्णांची शिकवण अशी की नवे स्पीकर गाण्यावर तपासायचे, पण शेवटची तपासणी बोलण्यावर करायची. "गाण्यात दोष लपतो. बोलण्यात लपत न्हाय." एखादा स्पीकर उलटा जोडला गेला असेल तर गाण्यात कळतही नाही, पण माणसाचा आवाज पोकळ होतो, कुठून येतो तेच समजत नाही. यासाठी दुकानात बातम्यांचं एक जुनं रेकॉर्डिंग होतं. मी मात्र माझ्या मोबाइलमधलं वेगळंच लावायचो. अर्थशास्त्राची लेक्चरं.

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. गाव राधानगरी तालुक्यात, दारात तीन म्हशी. इनामदार सर अर्थशास्त्र शिकवायचे ते चांगलंच, पण फार भरभर. मी एक ओळ लिहीपर्यंत ते तिसऱ्या ओळीवर असत. पहिल्या वर्षी माझा तो विषय राहिला. वडील रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "जमत नसंल तर ये की परत. म्हशी हायतच." रागावले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या वर्षीही विषय राहिला तर शिक्षण संपलं, हे त्यांनी न सांगताच मला समजलं होतं.

म्हणून मी मोबाइल शर्टाच्या खिशात ठेवून लेक्चर रेकॉर्ड करायला लागलो. सरांचा नियम होता, तासाला मोबाइल बॅगेत. मी विचारलं असतं तर कदाचित त्यांनी परवानगी दिली असती. पण विचारायचं म्हणजे स्टाफरूमच्या दारात उभं राहायचं, आत येऊ का म्हणायचं, आणि मग सगळे सर वर बघणार. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो. त्यापेक्षा खिसा सोपा वाटला.

मग गिऱ्हाइकांच्या गाड्यांत माझा अभ्यास होऊ लागला. अण्णा मागच्या दाराचं पॅड बसवत असायचे आणि मी पुढच्या सीटवर वही घेऊन. अण्णांना वाटायचं, पोरगं स्पीकर किती मन लावून तपासतंय. तेही खोटं नव्हतं. एकाच आवाजात शेकडो स्पीकर ऐकल्यामुळं कुठल्या दारात दोष आहे ते मला लगेच कळायचं.

पावसाळ्यानंतर दिनकरकाका आले. शिरोळकडचे, सात सीटची भाड्याची गाडी चालवतात. नवा टेप बसवून झाला आणि मी शेवटच्या तपासणीला लेक्चर लावलं. सर घटत्या उपयोगितेचा सिद्धांत शिकवत होते. उदाहरण पांढऱ्या रश्श्याचं. भुकेल्या माणसाला पहिली वाटी अमृत लागते. दुसरी चांगली लागते. तिसरीला तो वाढप्याकडं बघून हसतो. चौथीला वाटीवर हात आडवा धरतो. वाटी तीच, रस्सा तोच, पण प्रत्येक वाटीचं समाधान कमी होत गेलं.

दिनकरकाका बोनेटला टेकून चहा पीत होते. ते आत येऊन बसले.

"बंद करू नगंस," म्हणाले. "फुडं काय हुतंय?"

"काका, हे लेक्चर आहे. कॉलेजचं."

"कळतंय की. म्हंजे ह्ये अर्थशास्त्र? आमची प्रतीक्षा ह्येच शिकतीया. जयसिंगपुराला." त्यांनी चहाचा कप डॅशबोर्डवर ठेवला. "पोरगी कॉलेजातनं येती, मी गाडीवरनं येतो. काय शिकवलं गं म्हटलं की म्हणती, तुम्हाला न्हाई कळायचं पप्पा. माझं शिक्षण आठवी. तिच्याशी बोलाय माझ्याकडं काय न्हाईच बघ. माझ्या मोबाइलात घाल की ह्ये."

मला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर म्हणायचंही नव्हतं. माझ्याकडचं काहीतरी कुणाला तरी हवं होतं, असं पहिल्यांदाच होत होतं. मी अकरा लेक्चरं त्यांच्या मोबाइलमध्ये टाकली. मुकं गाणं मात्र टाकलं नाही. किल्ली फिरवली की काकांना लगेच लेक्चर ऐकू यावं, असं मला वाटलं. सगळ्यांना दिलेली गोष्ट मी नेमकी त्यांनाच दिली नाही.

महिन्याभरानं काका हवेचा पंप घ्यायला आले. चेहरा उजळलेला. "परवा जेवताना म्हणालो, प्रतीक्षा, तिसऱ्या वाटीला माणूस हसतो ते तुमच्यात शिकवत्यात काय? ती बघतच ऱ्हायली. मग अर्धा तास बोलत हुती. भाकरी गार झाली तिची." मग त्यांनी सहज विचारलं, "पर एक सांग. त्या तुझ्या रेकॉर्डात एक पोरगा मधनं मधनं 'सर' म्हणतोय. मोठ्यांदा येतंय. आणि फुडं काय बोलतच न्हाय. कोण हाय त्यो?"

"माहीत नाही काका," मी म्हणालो. "वर्गात सत्तर जण असतात."

माहीत होतं. मोबाइल माझ्या खिशात, म्हणून सरांचा आवाज लांबून यायचा आणि माझा जवळून. प्रत्येक लेक्चरमध्ये दोन-तीनदा मी काहीतरी विचारायला सुरुवात केली होती आणि थांबलो होतो. गाडीत तपासणी करताना ती जागा आली की मी बोटानं पुढं ढकलायचो. काका ढकलत नव्हते.

दिवाळीनंतर लग्नसराई सुरू झाली आणि एका गुरुवारी दुपारी काकांचा फोन आला. आवाज नुसता आनंदानं फुललेला.

"आरं, तुझं सर माझ्या गाडीत बसलं हुतं! गडहिंग्लजला लग्नाला न्यायचं हुतं त्यास्नी. मंडळी बसली, किल्ली मारली, आणि सुरू की तिसरी वाटी! वैनी म्हणाल्या, अहो, हे तुम्हीच बोलताय! सगळी गाडी हसाय लागली."

"सर काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय न्हाय. गप ऐकत हुतं. मग इचारलं, कुठनं मिळालं? मी सांगितलं की, उद्यमनगरातल्या पोरानं दिलंय, लई गुणी पोरगा हाय. दुकानाचा पत्ता बी दिलाय."

मी फोन ठेवला आणि हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच धरून बसलो. अण्णांनी विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे चोरून केलंस?"

"चोरून नाही अण्णा. फक्त विचारलं नव्हतं."

"मग त्येच की." अण्णा पुन्हा वायर सोलायला लागले. सोलता सोलता म्हणाले, "माझं स्पीकर तुझ्या सरांच्या आवाजावर तपासलं जात्यात हे मला बी आज कळतंय. मला बी न्हवतं इचारलंस."

शुक्रवारी सर तासाला आले. काही बोलले नाहीत. शनिवारी आले, तेव्हाही काही बोलले नाहीत. माझा मोबाइल दोन्ही दिवस बॅगेत होता. शनिवारच्या तासाला माझ्या वहीत पाच ओळी उतरल्या, त्यातल्या दोन अर्धवट. रेकॉर्डिंग बंद झालं तर मी या विषयात पास होणार नाही, हे त्या पाच ओळींकडं बघून स्पष्ट दिसत होतं. आणि सर जर वर्गात बोलले, तर सत्तर जणांसमोर मला पुन्हा त्या बाकावर बसता आलं नसतं. गावाकडची सकाळची गाडी किती वाजता सुटते, ते मी रविवारी विचारून ठेवलं.

सोमवारी संध्याकाळी सर दुकानात आले. जुनी छोटी गाडी, पुढच्या काचेवर कॉलेजचं स्टिकर.

"टेपला ब्लूटूथ नाही," ते अण्णांना म्हणाले. "मोबाइल जोडून मिळेल का?"

अण्णांनी माझ्याकडं बोट केलं आणि आत निघून गेले. एरवी ते गिऱ्हाईक सोडून कधीच आत जात नाहीत.

मी वाकून बघितलं. टेप जुना होता, पण खाली ऑक्सचं भोक होतं. वायरीचं एक टोक तिथं, दुसरं मोबाइलला, एवढंच काम. सरांना सांगितलं. ते म्हणाले, "मग तुझाच मोबाइल लाव. आणि माझं लेक्चर लाव. कुठलंही."

मी शेजारी बसलो. वायर दुसऱ्यांदा नीट बसली. चारच लहान स्पीकर, त्यातला मागचा उजवा फाटलेला. सरांचा आवाज आला. ते स्टिअरिंगवर हात ठेवून स्वतःला ऐकत राहिले. मध्येच म्हणाले, "मी इतका भरभर बोलतो?"

मी मान हलवून हो म्हटलं.

रश्श्याची दुसरी वाटी संपली आणि तो आवाज आला. सरांच्या आवाजापेक्षा मोठा, अगदी जवळचा. "सर…" मग कापडाची खसखस. पुढं ढकलायला माझं बोट मोबाइलवर गेलं. सरांनी माझा हात बाजूला केला. सिद्धांत पुढं गेला, अपवाद सुरू झाले. पुन्हा "सर…" या वेळी त्याच्यानंतर एक श्वास घेतलेला ऐकू आला, बोलण्याआधी घेतात तसा. मग काही नाही. तासाची घंटा वाजण्याआधी तिसऱ्यांदा.

सरांनी आवाज कमी केला.

"हा कोण?"

"मी, सर."

"मला कधी ऐकू आलं नाही."

"हळू म्हणतो मी. खिशाजवळ आहे म्हणून इथं मोठ्यानं येतंय."

मला वाटलं, आता रेकॉर्डिंगचं विचारतील. मी उत्तर तयार करत होतो. त्यांनी विचारलं, "काय विचारायचं होतं?"

काही महिने झाले होते. पण प्रश्न मला पाठ होता. रोज कुठल्या ना कुठल्या गाडीत तो तिथंच येऊन थांबायचा.

"सर, आमच्या घरात दूध आधी डेअरीला जातं. उरलं तर चहाला. मी लहान असल्यापासून आईनं दुधाचा पेला घेतलेला बघितला नाही. तुम्ही म्हणता, पहिल्या वाटीचं समाधान सगळ्यांत जास्त, मग कमी होत जातं. पण जिच्या घरात रोज दूध निघतं आणि तिला पहिला पेलाच मिळत नाही, तिचं कसं मोजायचं? तिला नकोच असतं, असं धरायचं का?"

एका दमात बोललो. आवाज फाटला असावा, कारण अण्णा आतून डोकावले.

सरांनी चष्मा काढून पुसला. "असं धरून चालणार नाही," ते म्हणाले. "पण कसं धरायचं, ते मलाही नीट माहीत नाही. वाचून सांगतो." मग वायर काढून माझ्या हातात देत म्हणाले, "तू विचारायला हवं होतंस. रेकॉर्डिंगचंही, आणि त्या पेल्याचंही." मग स्वतःच म्हणाले, "आणि मला ऐकू यायला हवं होतं."

वायर त्यांनी विकत घेतली. अण्णांनी मागचा उजवा स्पीकर बदलून दिला. शेवटची तपासणी मी बोलण्यावर केली, सरांच्या समोर, त्यांच्याच आवाजावर. आवाज पोकळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी तासाच्या सुरुवातीला सर म्हणाले, "ज्यांना रेकॉर्ड करायचंय त्यांनी मोबाइल इथं टेबलावर ठेवा. खिशात नको." कुणीच उठलं नाही. शेवटच्या बाकापासून टेबलापर्यंत मी एकटा चालत गेलो. मग एका मुलीनं ठेवला, मग आणखी दोघांनी.

त्या वर्षी मी पास झालो. फार मार्कांनी नाही. दिनकरकाकांच्या मोबाइलमध्ये आता मुकं गाणं आहे. मी त्यांना सगळं खरं सांगितलं, तो 'सर' म्हणणारा पोरगा कोण तेही. ते म्हणाले, "मला माहीत हुतं की. तुझा आवाज वळकत न्हाय व्हय मी?"

सरांनी वाचून सांगितलं. दोन तास त्या एका पेल्यावर गेले आणि तरी पुरतं उत्तर निघालं नाही. ते लेक्चर मी अजून गाड्यांत लावतो, आता अण्णांना विचारून. त्यात सरांचा आवाज जवळून येतो, कारण मोबाइल त्यांच्या टेबलावर असतो. माझा येतो लांबून, शेवटच्या बाकावरून. नीट कान द्यावा लागतो, पण प्रश्न पूर्ण ऐकू येतो.